आई, माझं रक्त वेगळं आहे का?

पत्र (जरा छोटं करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय) :

"मावशी, आम्ही बडोद्याचेच, दांडिया बाजारात चार पिढ्या. लग्नाला सात वर्षं होऊनही मूल नव्हतं म्हणून कायदेशीर दत्तक घेतलं. मुलगा घरी आला तेव्हा चौदा महिन्यांचा होता, अगदी अशक्त, माझ्या सासूबाईंनी सहा महिने रोज तेल लावून त्याला मालिश केली. आता तो नऊ वर्षांचा आहे. नंतर मला मुलगी झाली, ती पाच वर्षांची. दत्तक आहे हे त्याला पहिल्यापासून माहितीये. मुलगी शांत, हा मात्र फार तोफानी, पटकन चिडतो, वस्तू फेकतो. उत्तरायणच्या आधी त्याने देवघरातल्या डब्यातून दोनशे रुपये घेतले आणि फिरकी नि पतंग आणले, विचारलं तर खोटं बोलला. संक्रांतीच्या दिवशी गच्चीवर पंधरा-वीस माणसं होती, सगळ्यांसमोर सासूबाई म्हणाल्या, खाण तशी माती, कुणाचं रक्त आहे कोण जाणे. माझा नवरा गप्प बसला. रात्री मुलाने विचारलं, आई, माझं रक्त वेगळं आहे का? मी म्हटलं, झोप आता. मावशी, खरं सांगते, कधी कधी माझ्याही मनात येतं की असेल का काही तसं? माणसाचा स्वभाव जन्माबरोबर येतो की आपण घडवतो? की मीच कुठे कमी पडतेय?"

बाळा, पत्र दोनदा वाचलं. आधी एक काम सांगते, बाकीचं नंतर बोलू, कारण तू मोठी आहेस, तू थोडी थांबू शकतेस, पण तो नऊ वर्षांचा छोकरा "झोप आता" ऐकून अंधारात डोळे उघडे ठेवून पडलाय आणि जितके दिवस जातील तितकं तो स्वतःच उत्तर ठरवून टाकेल.

आज रात्री लाइट बंद करायच्या आधी त्याच्याजवळ बस आणि स्वतःहून विषय काढ. साधारण असं बोल, "त्या दिवशी तू विचारलंस आणि मी झोप म्हटलं, कारण मला तेव्हा काय सांगावं ते सुचलं नाही. ज्या आईच्या पोटातून तू आलास तिच्याकडून आणि त्या बाबांकडून तुला बऱ्याच गोष्टी मिळाल्यात, तुझे केस, तुझे डोळे, तू किती उंच होशील ते, आणि कदाचित तुला पटकन राग येतो तोही. आमच्याकडून तुला बोलणं मिळालं, घर मिळालं, आडनाव मिळालं. पैसे उचलणं कुणाच्या रक्तात नसतं. ते तू उचललेस, तुला फिरकी हवी होती म्हणून, आणि ते तू परत करणार आहेस." एवढंच. लांबवू नकोस, आणि रडू आलं तर येऊ दे, त्याला दिसलं तरी चालेल.

तो विचारेल की ती आई कुठे आहे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, गोष्ट रचू नकोस. आणि हेही सांगून ठेव की आपल्याकडे दत्तक मुलांना आपलं मूळ शोधायचा हक्क नियमांत दिलेला आहे, अठरा वर्षांचा झाला की तो स्वतः अर्ज करू शकतो आणि त्याआधी करायचा असेल तर आईवडिलांबरोबर मिळून करता येतो. तू त्याच्याबरोबर असशील हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे.

शब्दशः रक्ताबद्दलच विचारलं तर तेही सोपं आहे. ब्लड बँकेतल्या पिशवीवर ए, बी, ओ असा गट लिहितात, घराणं लिहीत नाहीत, आणि सख्ख्या भावांचा गट जुळत नाही नि सासू-सुनेचा जुळतो असं रोज कुठल्यातरी हॉस्पिटलमधे होतं. नऊ वर्षांच्या मुलाला हे बरोबर समजतं.

आता तुझं.

मी तुला खोटा धीर देणार नाहीये. मूल म्हणजे कोरी पाटी, आपण लिहू ते उमटतं, असं सांगणारे तुला खूप भेटतील, ऐकायला छान वाटतं, पण ते खरं नाही आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास आयांनाच होतो कारण मग मुलाने डबा फेकला की तोही आईनेच शिकवला असा हिशोब होतो. माझ्या दोन मुली, पावणेदोन वर्षांचं अंतर, घर तेच, दूध तेच, आंघोळ घालणारी बाईसुद्धा तीच, पण मोठीच्या अंगावर पहिला तांब्या पडला की ती अशी किंचाळायची की वाड्यातले लोक बाहेर यायचे, आणि धाकटी त्याच पाण्यात हात आपटत हसायची. मोठी आज पंचेचाळिशीला आली, अजूनही मागून कुणी एकदम हाक मारली की दचकते. हे मी शिकवलं नव्हतं, ती घेऊनच आली होती.

न्यूयॉर्कमधे अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोने १९५६ पासून शंभराहून जास्त मुलांवर तान्हेपणापासून लक्ष ठेवलं, म्हणजे बाळ खातं कसं, झोपतं कसं, नवीन माणूस दिसला की काय करतं, रडलं तर किती जोरात रडतं, असं सगळं लिहून ठेवलं आणि ती मुलं मोठी होईपर्यंत बघत राहिले. त्यांना दिसलं की काही मुलं पहिल्या महिन्यांपासूनच सोपी असतात, साधारण ४० टक्के, काही हळूहळू खुलणारी, १५ टक्के, आणि १० टक्क्यांच्या आसपास अवघड, म्हणजे चटकन भडकणारी, जोरात रडणारी, बदल न चालणारी, उरलेली सगळी मिश्र. पण त्यांचं खरं काम पुढचं आहे. अवघड मूल म्हणून जन्मलेलं मूल पुढे बिघडतंच असं नाही, घराच्या अपेक्षा आणि मुलाचा कल यांचा मेळ बसला तर तीच मुलं चांगली सावरतात आणि मेळ बसला नाही तर सोपी मुलंसुद्धा अडकतात. मला तुला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर, मेळ. तुझा मुलगा बहुतेक त्या दहा टक्क्यांतला आहे, तुझी मुलगी चाळीस टक्क्यांतली आहे, आणि हे दोघं सख्खे असते तरी असंच होऊ शकलं असतं, माझ्या दोघींसारखं.

जुळ्यांवरचे अभ्यासही हेच म्हणतात. एका गर्भपेशीतून झालेली जुळी आणि दोन वेगळ्या पेशींतून झालेली जुळी यांची तुलना करून किती फरक आनुवंशिक ते काढतात, आणि २०१५ मधे अशा पन्नासेक वर्षांतल्या २,७४८ शोधनिबंधांचा एकत्र हिशोब झाला, जुळ्यांच्या जोड्या जवळपास दीड कोटी, तर सरासरी आली ४९ टक्के. जवळजवळ निम्मं. हा आकडा तू कुठे ना कुठे वाचशीलच म्हणून मीच सांगते, आणि त्याचा अर्थही सांगते कारण तो लोक हमखास चुकीचा घेतात. तुझा मुलगा निम्मा त्यांचा आणि निम्मा तुमचा असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही. हा आकडा एका माणसाबद्दल नसतोच, खूप माणसांमधल्या फरकाबद्दल असतो, आणि तोही ती माणसं ज्या परिस्थितीत वाढली त्या परिस्थितीपुरता. गच्चीवर दोन कुंड्यांत एकाच पुडीतली मेथी पेर, एकीत खत-पाणी नीट, दुसरीत नुसती बांधकामाची वाळू. एकेका कुंडीत एखादं रोप उंच नि एखादं बुटकं दिसेल तो फरक बियाण्याचा, कारण त्या कुंडीत सगळ्यांना सारखंच मिळतंय. पण पहिली कुंडी हिरवीगार आणि दुसरी पिवळी पडली तो फरक बियाण्याचा नव्हे, मातीचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणि जन्मजात म्हणजे न बदलणारं, हा तर फार मोठा गैरसमज. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे आपण इतक्या वेळा म्हणतो की ते शास्त्रच वाटायला लागतं. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक आजार आहे, नॉर्वेच्या एका डॉक्टरने १९३४ मधे ओळखला, तो पूर्ण आनुवंशिक, आईकडून नि वडिलांकडून दोन्हीकडून बिघडलेलं जनुक आलं तरच होतो. पूर्वी त्या मुलांची बुद्धी वाढायचीच नाही. आज जन्मल्याबरोबर रक्ताची तपासणी करून पहिल्या आठवड्यांपासून त्या मुलाला ठरावीक प्रथिनं टाळून खायला दिलं की ते इतर मुलांसारखं शाळेत जातं. जनुक तेच राहिलं. ताटातलं बदललं.

विश्वामित्रीतल्या मगरी तू कमाटीबागेजवळच्या पुलावरून बघितल्याच असशील. मगरीच्या अंड्यात नर होणार की मादी हे आधी ठरलेलंच नसतं, आपल्यासारखं एक्स-वाय काही नसतं त्यांच्यात, आई नदीकाठी मातीत अंडी पुरते आणि ती माती किती गरम आहे त्यावर ठरतं. साधारण ३२.५ अंशाच्या आसपास नर, ३१ च्या खाली माद्या. अंडी एकाच आईची, पण घरट्याच्या ऊबेने एवढा मोठा फरक पडतो. आणि तरीही कितीही ऊब दिली तरी मगरीच्या अंड्यातून कासव निघत नाही, हेही तितकंच खरं. मी शाळेत हे मुलांना सांगायचे तेव्हा ती गप्प होऊन ऐकायची, तुझ्या मुलालाही सांग, त्याला आवडेल.

एक गंमत तर तुझ्याच घरात आहे, ऐकून बघ. आपल्या बडोद्यातली मुलं दिवसभर गुजरातीत खेळतात, गुजरातीत एकच च आहे, त्यामुळे आपल्यातली बरीच मुलं "चमचा" आणि "चहा" दोन्हींना एकच च लावतात आणि पुण्याहून आलेला पाहुणा पहिल्या वाक्याला ओळखतो की हा बडोद्याचा. कान असा फार लवकर वळतो. कॅनडात १९८४ च्या सुमाराला तान्ह्या बाळांवर एक प्रयोग झाला होता, इंग्रजी घरातली बाळं, आणि त्यांना ऐकवले हिंदीतले त आणि ट. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्ही वेगळे ऐकू यायचे, आणि वर्षाची होईपर्यंत तीच बाळं तो फरक विसरून गेली, कारण घरात कुणी तसं बोलतच नव्हतं. म्हणजे ऐकायची ताकद घेऊन आली होती, काय ठेवायचं नि काय सोडायचं ते घराने ठरवलं. तुझा मुलगा चमचा कसा म्हणतो ते आज जेवताना ऐक. मी पैज लावते, सासूबाईंसारखाच म्हणत असेल.

आता एक असं सांगते जे तुझ्या पत्रात कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही. तुम्ही सगळे दोनच बाजू धरून बसलाय, त्याचं रक्त किंवा तुझे संस्कार. मधले चौदा महिने कुठे गेले? तुझ्या हातात येण्याआधी ते बाळ चौदा महिने कुठेतरी जगलं, अशक्त होतं म्हणजे पोटभर मिळत नसणार, आणि एकाच माणसाने सतत उचलून घेतलं असेल असंही नसणार. १९८९ च्या शेवटी रुमेनियातली राजवट कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांची भयंकर हालत जगाला दिसली, आणि तिथली बरीच मुलं इंग्लंडमधे दत्तक गेली, त्यांचा मोठेपणीपर्यंत अभ्यास झाला. सहा महिन्यांच्या आत बाहेर निघालेली मुलं जवळजवळ पूर्ण सावरली, त्याहून जास्त राहिलेल्यांपैकी काहींना पुढे लक्ष लागण्याचे, माणसांशी जुळवून घेण्याचे त्रास राहिले, काही मात्र तरीही छान मोठी झाली. घाबरू नकोस, तिथे जे होतं ते फारच वाईट होतं, आणि तुझा मुलगा तशा ठिकाणाहून आलेला नाही. पण डबा फेकणं, हवी ती वस्तू लगेच हातात घेणं, पकडलं की नाकारणं, हे सगळं कधी कधी त्या पहिल्या दिवसांतून येतं जेव्हा मागितलेलं मिळेल याचा भरवसा नव्हता. हे रक्तही नाही आणि तुझी चूकही नाही. राग फारच वाढत असेल, शाळेतूनही तक्रारी येत असतील, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा जाऊन ये, चौदा महिन्यांचं सगळं मोकळेपणाने सांग. त्यात लाज कसली.

सासूबाईंचं. त्यांची म्हण मी पण लहानपणापासून ऐकतेय, पण आपल्याच भाषेत दुसरीही आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. शेतकऱ्याने गोठ्यात बघून सांगितलेलं आहे ते. लोक त्या त्या वेळी सोयीची म्हण उचलतात, मूल चांगलं निघालं की आमचं वळण, वाकडं गेलं की त्याची खाण.

आणि बाई, हे वाक्य बडोद्यात बसून म्हणायचं? तू दांडिया बाजारातून निघालीस की न्यायमंदिर लागतं, पुढे गेलीस की युनिव्हर्सिटीचा तो मोठा घुमट, कमाटीबाग, तिकडे लक्ष्मीविलास, हे सगळं ज्याच्या काळात उभं राहिलं तो माणूस, आपले सयाजीराव महाराज, दत्तक होता. १८६३ साली मालेगावजवळच्या कवळाणे गावात जन्मलेला गोपाळ, शेतकऱ्याच्या घरचा. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी १८७५ मधे त्याला दत्तक घेतलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. बारा म्हणजे तुझ्या मुलापेक्षा तीन वर्षांनी मोठा, आणि तुझा मुलगा तर चौदा महिन्यांचा आला. त्यानंतर सहा वर्षं त्याला शिकवण्यात गेली, इलियट साहेबांसारखे शिक्षक, टी. माधवरावांसारखे दिवाण, आणि १८८१ च्या डिसेंबरमधे सयाजीराव म्हणून कारभार हातात आला. पुढे १८९३ मधे त्यांनी अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मधे सगळ्या राज्यात. माझी आजी त्यामुळे वाचायला शिकली, मुलींना शाळेत पाठवलं नाही तर दंड म्हणून पाठवलं होतं तिला.

सासूबाई म्हणतील, ते गायकवाडांच्याच भाऊबंदकीतले होते, रक्त तेच. हो, दूरच्या शाखेतले होते, मी ते लपवत नाही. पण मग मल्हारराव? खंडेरावांचे सख्खे भाऊ, गादीच्या अगदी जवळचं रक्त, आणि खंडेरावांनीच त्यांना कैदेत ठेवलं होतं, १८७० मधे गादीवर आले आणि पाच वर्षांत गैरकारभारासाठी काढले गेले, म्हणून तर दत्तक घ्यायची वेळ आली. कवळाण्याहूनही तिघे भाऊ आले होते, एकाच आईबापाचे, निवडला गेला एक. त्या एकात काही वेगळं होतं का, चुणचुणीत असेल, धीट असेल, असणारच, ते घेऊन आलाच होता. पण तो कवळाण्यातच राहिला असता तर तेच चुणचुणीतपण शेतीत वापरून मोकळा झाला असता, गावातला हुशार शेतकरी म्हणून.

आणि याच गावातलं दुसरंही सांगायला हवं, ते सांगताना मला त्रास होतो. सयाजीरावांनीच स्कॉलरशिप देऊन ज्यांना १९१३ मधे अमेरिकेला पाठवलं ते डॉ. आंबेडकर १९१७ मधे बडोद्यात नोकरीला आले, कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकलेला माणूस, आणि या अख्ख्या शहरात त्यांना राहायला एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसून रडले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आहे. ज्यांनी त्यांना काढलं त्यांना एकच गोष्ट माहीत होती, हा कुणाच्या पोटी जन्मला. "कुणाचं रक्त आहे कोण जाणे" हे वाक्य घरात किरकोळ वाटतं गं, पण ते त्याच खाणीतून आलंय, म्हणून मी त्याबद्दल इतकी कडक आहे.

मी स्वतः ते वाक्य एकदा बोलले आहे. चौतीस वर्षं मराठी माध्यमात शिकवलं, त्यातली आठवी-नववी वर्षं असतील, पाचवीचा वर्ग. एका मुलाचे वडील जुगारात पकडले गेले होते, सगळ्या पोळीत, म्हणजे आमच्या गल्लीत, चर्चा. रिसेसमधे कुणाची तरी कंपासपेटी गेली आणि ती याच्याकडे सापडली. त्याने घेतली होती, खरंच घेतली होती. आणि मी भर वर्गात म्हटलं, शेवटी बापाच्या वळणावर गेलास. तो मुलगा रोज शेवटच्या तासानंतर न सांगता थांबायचा आणि नळावर रुमाल ओला करून फळा पुसायचा, वरचा कोपरा पोचायचा नाही म्हणून माझी खुर्ची ओढायचा. दुसऱ्या दिवशी घंटा झाली, तो दप्तर उचलून निघून गेला, फळा पुसायला पुन्हा कधी आला नाही. त्या वर्षात आणखी दोन वस्तू गेल्या, दोन्ही त्याच्याकडे सापडल्या, आणि दुसऱ्या वेळी त्याने नाकारलंसुद्धा नाही, नुसतं बघत राहिला माझ्याकडे, जसं काही आता यात विचारायचं काय राहिलंय. माझ्या वाक्यामुळेच झालं असं मला सिद्ध करता येणार नाही. पण चोरीला शिक्षा देता येते, परत करता येते, माफी मागता येते. बापाच्या वळणाला त्याने काय करायचं होतं?

म्हणून तुझ्या नवऱ्याचं गप्प बसणं मला सासूबाईंच्या बोलण्याहून जास्त खटकलं. त्या त्याच्या आई आहेत, बोलायचं त्यानेच, तू नाही, तू बोललीस तर ते सासू-सुनेचं भांडण होईल आणि मुलाचा विषय बाजूलाच राहील. त्याने आईजवळ एकट्याने बसावं, आवाज न चढवता म्हणावं, "आई, तो चौदा महिन्यांचा होता तेव्हा त्याच्या पायात जीव नव्हता, तू सहा महिने तेल लावलंस, तो चालायला लागला तुझ्या हातामुळे. तू जे बोललीस ते त्याने ऐकलं. पुन्हा असं बोलायचं नाही, त्याच्यासमोर नाही आणि त्याच्यामागेही नाही." त्यांना शत्रू करू नका. देवघरातून पैसे गेले याचा धक्का वेगळा असतो, त्या वयात माणूस घाबरला की जुन्या म्हणी तोंडात येतात, आणि ज्या बाईने परक्याच्या मुलाचे पाय मालिश करून उभे केले तिला आतून माहितीये की तो तिचा आहे. मग नवऱ्याने मुलालाही सांगायचं, त्याच दिवशी, "आजी बोलली ते चूक होतं, मी तेव्हाच बोलायला हवं होतं." वीस माणसांसमोर झालेलं आहे ते, बापाच्या तोंडून खोडलं गेलेलं त्याला ऐकायला हवं. तुझ्या पाच वर्षांच्या मुलीनेही गच्चीवर ते ऐकलंच आहे, उद्या भांडणात ती तेच वाक्य दादावर फेकेल, तिच्यासमोरही खोडा.

आणि दोघांची तुलना बंद. "बघ छोटी बहीण कशी शहाणी" हे तुझ्या घरात बोललं जात असेल, बहुतेक घरात जातं. शांत मुलीला शांत राहायला काही कष्ट पडत नाहीत, त्याला पडतात, तो ज्या दिवशी डबा फेकायच्या ऐवजी नुसता पाय आपटून आत गेला त्या दिवशी त्याने तिच्यापेक्षा मोठं काम केलंय, ते बघून बोल. त्याचा राग यायच्या आधीची वेळ तुला माहीत असेल, शाळेतून आल्यावर भूक असेल किंवा अचानक "चल, निघायचंय" म्हटल्यावर असेल. दहा मिनिटं आधी सांग, आल्याबरोबर खायला ठेव. अशा मुलांना घाई सोसत नाही. मेळ म्हणतात तो असाच बसवायचा असतो.

राहता राहिले दोनशे रुपये. नऊ वर्षांच्या मुलाने उत्तरायणच्या चार दिवस आधी फिरकीसाठी पैसे उचलणं यात मला बडोद्यातलं नऊ वर्षांचं मूल दिसतं, सगळी शेरी गच्चीवर आणि याच्या हातात दोरी नाही. मागितली होती का त्याने? तुम्ही नंतर बघू म्हणालात का? विचार त्याला, रागावून नाही. खोटं बोलला ते पकडलं जाण्याच्या भीतीने, ते सगळीच करतात, शिकलेल्या घरातली सुद्धा.

फिरकी काढून घेऊ नका, ती त्याच्याकडेच राहू दे. पण पैसे फिटले पाहिजेत, पूर्ण. दर रविवारी वीस रुपये, खाऊच्या पैशातून नाहीतर घरातलं काम करून, भांडी पुसणं, कुंड्यांना पाणी, त्याला जमेल ते. दहा रविवार होतात. आणि पैसे तुझ्या हातात नाही, नवऱ्याच्याही नाही, त्यानेच आजीच्या हातात द्यायचे आणि आजीने ते त्याच्यासमोर त्याच डब्यात ठेवायचे. पहिले दोन-तीन रविवार दोघंही तोंड फिरवून उभे राहतील, राहू देत, मधे पडू नकोस. दहावा रविवार झाला की मला लिही.

तुझी मावशी